हिरव्या दोऱ्याचे ठिगळ

शिवण उसवली तेव्हा सखुबाईला आधी वाटले, आपल्याच हाताचा जोर जास्त झाला. बुधवार होता, विड्यांचा कारखाना बंद होता, सासू झुंबरबाई बाजारात गेली होती आणि मुलगी मैना शाळेत. मागच्या दारच्या मोरीत, पत्र्याच्या आडोशाला, अशा वेळीच मैनाची घडी धुऊन घ्यायची असे. घडी हे नाव नूरबानोने दिलेले. गल्लीच्या तोंडाशी अब्बास शिंप्याचे दुकान होते, त्याची ही बायको. दुकानातल्या कपड्यांची काजे ती घरी बसून करायची, आणि उरलेल्या वेळात नवऱ्याला न दाखवता गल्लीतल्या बायांसाठी या घड्या शिवायची. आत जुन्या मऊ कापडाचे थर, वरून दुकानातल्या चिंध्यांचे अस्तर, दोन टोकांना नाडी. दर महिन्याची ती चार दिवसांची अडचण तिच्यावर भागवायची, मग धुऊन वाळवून पुढच्या महिन्याला पुन्हा तीच. मैनाकडे दोन होत्या. एक अंगावर, एक धुण्यात. ही धुण्यातली. अस्तराची एक बाजू सुटली, आतला थर पाण्याने फुगून बाहेर आला, आणि त्याच्यावर हिरव्या दोऱ्याचे टाके दिसले.

तिने हात थांबवला नाही. हात काही वेळ आपला धूत राहिला. कुणाच्याही कापडाला हिरव्या दोऱ्याचे टाके असू शकतात, असे तिने मनात म्हटले, आणि ते म्हणत असतानाच अस्तराची दुसरी बाजू दातांनी तोडली. नाडी सुटून हातात आली. आतले कापड तिने दगडावर पसरले. हातभर धोतराचा तुकडा, पुष्कळ धुतलेला, कडेला तपकिरी डाग धरलेला. मधोमध तळहाताएवढे ठिगळ. टाके डावीकडे कललेले. तिचा टाका डावीकडेच कलतो, लहानपणी उसाच्या चरकात अंगठा सापडला होता तेव्हापासून. आई म्हणायची, तुझं शिवण दारू प्याल्यासारखं चालतं. ठिगळाच्या एका कोपऱ्यात दोरा संपला होता आणि तिथे तिने दुहेरी गाठ मारली होती. गाठ तशीच होती. तिने तिच्यावर बोट ठेवले आणि नवऱ्याच्या, पुंजाच्या, कमरेचा घाम नाकात आला. हे शक्य नव्हते, कापडाला सोड्याचा वास होता. तरी आला.

पुंजा कचेरीत पट्टेवाला होता. साहेबाच्या दाराबाहेरच्या बाकाचा खिळा वर आला होता, त्यात धोतर फाटले. घरात पांढरा दोरा नव्हता. मैनाने शाळेतल्या शिवणाच्या तासाचा हिरवा दोरा आणून दिला, बादशहाच्या ज्युबिलीला शाळेत तोरणे शिवली होती त्यातला उरलेला. झुंबरबाई म्हणाली, हिरवं ठिगळ लावून माझं पोरगं कचेरीत जाणार व्हय? पुंजा म्हणाला, "अगं बया, कासोट्यात जातंय ते. साहेब काय माझा कासोटा सोडून बघतो?" आणि मैना इतकी हसली की तिला उचकी लागली. बापाचे धोतर धरून ती उचकी देत उभी होती. त्यानंतर वर्ष पुरे होण्याआधी पुंजा तापाने गेला, आणि दहाव्याला त्याची कापडे गंगेवर नेली. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेला दिलेली वस्तू परत घरात येत नाही एवढे सगळ्यांना माहीत असते. ती आली तर तिच्यामागून गेलेला माणूसही येतो. घाटाच्या पायरीवर झुंबरबाईने धोतर छातीशी धरले ते सोडेना. भटजी खोळंबला होता. सखुबाईने सासूची बोटे एकेक करून उघडली, "सोडा, आत्याबाई, सोडा त्यांना," म्हणाली, आणि धोतर पाण्यात टाकले. ते काही वेळ फुगून तरंगत राहिले. खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात बाया उभ्या होत्या. तिने त्यांना पाहिले होते. त्या काय करतात हे नाशकातल्या प्रत्येकाला माहीत असते आणि कुणी तिकडे बघत नाही, तसे तिनेही बघितले नाही.

मग तिला दुसऱ्या घडीची आठवण झाली. नूरबानोने दोन्ही एकदमच दिल्या होत्या. एका धोतरात अशा कितीतरी होतात. ही जर त्याची, तर ती दुसरी, जी या घटकेला मैना नेसली आहे, शाळेच्या सतरंजीवर बसून भूगोल म्हणते आहे, ती कुणाची? तिला उठायचे होते. तांब्या कलंडून पाणी वाहत होते. बापाने मुलीला कडेवर घ्यायचे दिवस कधीच सरले होते. शेवटी शेवटी तर मैना पुढे आली की तो खाली बघून बोलायचा, मुलगी मोठी होते आहे म्हणून अंग चोरून बसायचा. असा माणूस. तिला वाटले आपण ओरडू, पण तोंडातून फक्त "अगं" एवढेच निघाले, कुणालाच उद्देशून नसलेले.

मैनाला न्हाण आले ते संक्रांतीनंतर. मोरीत उभी राहून तिने आईला हाक मारली होती, मेल्यासारख्या पांढऱ्या तोंडाने. सखुबाईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे मागचे दार लावून घेतले. सासूने पुंजाच्या तेराव्यालाच सांगून ठेवले होते की पोरीला न्हाण आले की दिंडोरीच्या बहिरूला द्यायची. बहिरूची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, त्याला जमीन होती, आणि बिनबापाच्या पोरीला याहून बरे कोण विचारणार? सासूच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. ती स्वतः न्हाण येण्याआधीच नांदायला आली होती. पण मैना सातवीत होती. फायनलची परीक्षा पास झाली की मास्तरीण होता येते असे शाळेतल्या बाईंनी सांगितले होते, आणि मास्तरणीला कुणी इतक्या लवकर उचलून नेत नाही. म्हणजे परीक्षेपर्यंत ही गोष्ट घरात कळता कामा नये. आणि कळू द्यायची नाही तर मैनाने कोपऱ्यात बसता कामा नये, तिचा परकर डागता कामा नये, तिने शाळा चुकवता कामा नये. यासाठी कापड लागत होते, आणि घरात कापड नव्हते. सखुबाईचे एक लुगडे अंगावर असायचे, एक दोरीवर. जुने म्हणून बाजूला पडावे असे काही या घरात कधी झालेच नाही. लुगडे विरले की त्याचे दोन तुकडे उलटे जोडून पुन्हा नेसायचे, तेही विरले की त्यात मैनाचे परकर, मग पायपुसणे. शेवटी जे हातात राहायचे त्याला कापड म्हणणेही कठीण. त्याच बोळ्यांवर तिने वर्षे काढली होती. ते बोळे सरपणामागे, पोत्याखाली, अंधारात वाळत घालायचे, म्हणजे ते वाळायचे नाहीत. ओलेच घ्यायचे. मांड्या सोलून निघायच्या, आणि कारखान्यात पाने कातरत दिवसभर मांडी घालून बसायचे. शेजारची बाई नाक वर करून म्हणायची, तंबाखू आज लय उग्र हाय. सगळ्या हसायच्या, कारण आज ना उद्या प्रत्येकीवर ती वेळ यायची.

म्हणून ती नूरबानोकडे गेली होती. आणि म्हणूनच मैनाचे दिवस आले की, धुण्याचा आणि वासाचा संशय आपल्यावर यावा म्हणून, घरात सखुबाई कोपऱ्यात बसायची. न्हाणीच्या अंगाला भिंतीशी एक पोते अंथरलेले असे, तिच्यासाठी वेगळा तांब्या, वेगळी ताटली. तिचे स्वतःचे दिवस निराळे, तेव्हाही ती बसायचीच. सासू चुलीपुढून बोलायची, "महिन्यातून दोन दोन येळा? नवरा जिता व्हता तवा नव्हतं एवढं. रांडमुंड बाईला देव सोडवतो, तुला का नाय सोडवीत?" सखुबाई पोत्यावर बसून ऐकायची. मैना ताटली सरकवताना आईकडे बघायची नाही. त्या न बघण्यात काय होते ते सखुबाईला कळत होते आणि तिला त्यात एक सुखही होते, हे तिने स्वतःलाही कधी सांगितले नव्हते. बाईच्या अंगावर जे लादले जाते ते तिने एकदा तरी आपल्या हाताने, आपल्या मर्जीने अंगावर घेतले होते. आता या घटकेला ती बाहेरचीच होती. सासूच्या हिशेबी आज तिचा तिसरा दिवस.

ती उठली आणि मागच्या बोळाने नूरबानोकडे गेली. नूरबानो उंबऱ्यात बसून कोटाचे काज करत होती. सखुबाईने मूठ उघडली तेव्हा तिला दिसले की आपण फक्त अस्तर आणि नाडी घेऊन आलो आहोत.

"फाटली? आण, दोन टाके घालते," नूरबानो म्हणाली.

"भाभी, आतलं कापड कुठलं?"

नूरबानोची सुई थांबली नाही. "जुनं हाय. सोड्यात उकळून घेतलंय दोनदा. चांगलं सुती."

"कुठलं पण?"

"अगं, धोंडाबाई आणती. घाटावरची. पाण्यातनं काढून." आता ती थांबली. सखुबाईच्या तोंडाकडे बघून तिने कोट बाजूला ठेवला. "बैस. पाणी घेतीस?"

"त्यांचं हाय. मैनाच्या बापाचं."

आत दुकानाच्या बाजूने अब्बासच्या मशीनचा आवाज येत होता, थांबत आणि पुन्हा चालू होत. नूरबानोने ओढणी डोक्यावर घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मला नव्हतं ठावं. अल्लाची आण. एवढं ठावं व्हतं की मेलेल्याचं हाय. ते तुलाबी ठावं असणार, सखुबाई. नसणार?"

सखुबाईने नाडी बोटाला गुंडाळली.

"दुकानातलं कोरं घालून बघितलं मी आधी. खळ असती त्यात, पाणी पीत नाय, सगळं बाहेर येतं. जुनंच पाहिजे. आता जुनं मागू कुणाकडं? या गल्लीत जित्या माणसाचं जुनं असतं का? माझ्याच अंगावर बघ." तिने कुडत्याची बाही पुढे केली. कोपरावर अब्बासच्या अस्तराचा तुकडा होता. "त्या बंगल्यातल्या बाया बोहारणीला देतात, भांडी घेतात. आपल्याकडं कोण भांडं देणार? गंगाच देती."

"गंगेला दिलेलं घरात आणत नाय आमच्यात."

"आमच्यातबी मय्यतीचं कुणी घालत नाय. पण पोरीबाळी मरत्यात ना त्या घाणीनं. माझी लेक अनवरी अशीच गेली, सडून. हकिमाला दाखवायला लाज वाटली तिला. मलाबी." एवढे बोलून ती पुन्हा कोट मांडीवर घेऊन बसली, पण सुई ओवता येईना. "दुसरी देते तुला. आज दुपारी देते."

"ती कुणाची?"

नूरबानोने दोरा दातात धरला होता. तिने तो तोडला. "ते नको इचारू," ती म्हणाली.

परतताना बोळात ऊन उतरले होते. सखुबाई चालत होती आणि तिला आपल्या गल्लीतल्या बाया दिसत होत्या, पाणी भरणाऱ्या, निवडणाऱ्या, भांडणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या लुगड्याखाली कुणीतरी होते. कुणाचा तरी सासरा, कुणाचा तरी तरणा दीर, जव्हार-पेठेकडून अस्थी घेऊन आलेल्या कुणा अनोळखी घरातला म्हातारा. दहा दिवस रडून पाण्यात सोडलेली माणसे खालच्या अंगाने परत वर येऊन गल्लीत बसली होती, आणि जित्या बायांचे रक्त टिपत होती. हे भयंकर आहे असे तिला वाटायला हवे होते. तिला फक्त थकल्यासारखे वाटले. जड, ओल्या पोत्यासारखा थकवा. तिने मनाशी ठरवत आणले होते की काय करायचे. हिरवा दोरा उसवून काढायचा. पांढऱ्या दोऱ्याने ठिगळ पुन्हा लावायचे, अस्तर घालायचे, घडी बंद करायची. आपण सोडून कुणाला कळणार नाही. उद्या परीक्षा सुरू होते, आठवडाभर चालते. त्यानंतर दोन्ही घड्या आपण स्वतः नेऊन गंगेत सोडू, दगड बांधून. पुंजाला ती मनात म्हणाली, एवढं होऊ द्या. तिच्यासाठी होऊ द्या. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आले की धोतराचा तुकडा आपण मोरीच्या दगडावर उघडा टाकून आलो. इतक्या वर्षांत बोळा कधी एवढासा उघडा राहिला नव्हता.

मोरीत तो नव्हता. ती घरातून पुढे आली. पुढच्या दारी, गल्लीच्या तोंडासमोर, जिथे आजवर या घरातल्या बाईचे असले काही लटकले नव्हते, त्या दोरीवर भर उन्हात तुकडा वाळत होता. चारी कोपरे ताणून, सुरकुती न राहील असा. खाली उंबऱ्यावर झुंबरबाई बसली होती, भाजीची पिशवी तशीच पडली होती. म्हातारीच्या एका डोळ्यात साऱ्याचा पांढरा पडदा वाढला होता, दुसऱ्याने ती जवळचे तेवढे बघायची. तिने मान वर केली.

"तू ठिवून घेतलंस," ती म्हणाली. "मला म्हणलीस सोडा, आत्याबाई. माझी बोटं उघडलीस. आन् आपण फाडून ठिवलास एक तुकडा."

सखुबाई उभी राहिली.

"मी दोन वरसं तुला शिव्या देत्येय मनात. म्हणलं हिचं काळीज दगडाचं. पोरगं गेलं तर डोळ्यात टिपूस नाय." झुंबरबाईने हात लांब करून सुनेचा हात धरला. तिसऱ्या दिवसाच्या बाहेरच्या बाईचा हात तिने असा कधी धरला नसता. तिच्या ध्यानातच राहिले नाही. तिची बोटे थंड होती. "लपवायचा कशाला गं? मी काय घेतला असता? त्या आडोशाला धूतीस, वलाच ठिवतीस. बघ कसले डाग धरलेत. गंजल्यावाणी." तिने दोरीकडे बघितले. "मी साबू लावून चोळला. आता ऊन खाऊ दे चांगलं. मग देवापाशी ठिवू."

सखुबाईला बोलायचे होते. एक वाक्य बोलले असते तर सगळे सरळ झाले असते, किंवा सगळे संपले असते. तिने त्या वाक्याचे शब्द शोधून पाहिले. आत्याबाई, ते मी नाही ठेवले. आत्याबाई, ते डाग गंजाचे नाहीत. पण म्हातारीने तिचा हात सोडला नव्हता, आणि पुंजा गेल्यापासून कुणी तिचा हात धरला नव्हता. ती तशीच उभी राहिली. रस्त्याने जाणारे लोक दोरीवरच्या कापडाकडे बघत नव्हते. ते नुसते धोतर होते.

मैना दुपारच्या सुट्टीत आली. दप्तर काखेत, तोंड उन्हाने लाल. दोरीपाशी थांबली. झुंबरबाई म्हणाली, "बघ, तुझ्या बापाचं धोतर. तुझ्या आईनं जपून ठिवलं व्हतं. तू दिला व्हतास ना हिरवा दोरा?"

मैनाने कापडाला हात लावला. आधी ठिगळाला, मग कडेच्या तपकिरी डागाला. तिचा अंगठा डागावरून परत ठिगळाकडे आला. सखुबाईने तिच्या तोंडाकडे बघितले नाही. तिने तिच्या पायांकडे बघितले, आणि पाय एकदम जवळ आले, एकमेकांना घट्ट चिकटले, जणू मध्ये धरलेले काही पडेल.

"व्हय, मीच दिला व्हता," मैना आजीला म्हणाली आणि घरात गेली.

सखुबाई मागे गेली. आतल्या अंधारात मैना भिंतीला टेकून उभी होती. "दुसरीबी त्याचीच हाय का?" तिने विचारले, बाहेर ऐकू जाणार नाही असे. आईने काही सांगितले नाही, तेवढ्याने तिला कळले.

"उद्या पेपर हाय तुझा, मैने."

"व्हय."

"आठ दिवस. मग आपण गंगेत सोडू."

"आई, मी काय घालून बसू?"

हा प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता. घरात दुसरे काय आहे, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. सखुबाई खोलीत बघत राहिली. दोरीवर एक लुगडे होते. नूरबानोकडे दुसरी घडी होती, कुणाची ते विचारायचे नाही. सरपणामागे पोत्याखाली जुना बोळा असेल, असला तर. मैना मागच्या दाराने मोरीत गेली. पाण्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा दुसरी घडी तिच्या अंगावर नव्हती, हातातही नव्हती, आणि ती जपून, पाय न उचलता चालत होती. ती कोपऱ्यात गेली आणि पोत्यावर बसली. आईच्या पोत्यावर, आईच्या तांब्याशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन.

"ऊठ," सखुबाई म्हणाली. "मैने, ऊठ. आजी येईल."

मैना उठली नाही.

झुंबरबाई आत आली ती पिशवी घेऊन, काहीतरी पुटपुटत. पोरीला तिथे बघून म्हणाली, "अगं ए, इटाळाच्या पोत्यावर कुठं बसलीस? आंघोळ करावी लागंल." मग ती जवळ आली, चांगला डोळा पुढे करून वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिने नातीच्या परकराकडे बघितले, सुनेकडे बघितले, सुनेच्या स्वच्छ लुगड्याकडे. महिन्यातून दोन दोन वेळा. म्हातारी हळूच सरळ झाली.

"कवापासून?"

मैनाने गुडघे आणखी घट्ट धरले. झुंबरबाईने पिशवी चुलीशी ठेवली. पाण्याची घागर कोपऱ्याजवळ होती, ती तिने उचलून पलीकडच्या भिंतीशी नेली. दुसरी ताटली काढली, पुसली आणि जमिनीवर ठेवली. हे सारे तिने न बोलता, न रागावता केले. ती रागावली असती तर सखुबाईला भांडता आले असते.

"बहिरूला निरोप धाडायला लागंल," ती शेवटी म्हणाली. "उद्या दिंडोरीची गाडी असंल बाजारातली." आणि थोड्या वेळाने, सुनेकडे पाठ करून, "ते धोतर आण आत. वाळलं असंल."

सखुबाई बाहेर गेली. कापड वाळले होते. पोत्याखाली तीन दिवस घातले तरी ज्याचा ओलावा जात नसे, ते एवढ्या वेळात कडक वाळून हलके झाले होते, हातात धरल्यावर वाजत होते, आणि त्याला उन्हाचा वास येत होता. तिने त्याची घडी केली. आधी अर्धी, मग त्याच्या अर्धी, मग लांबट, नूरबानो करायची तशी. हाताला तीच सवय होती. मग तिने ती मोडली आणि धोतराची करतात तशी चौकोनी घडी करून देवापाशी ठेवण्यासाठी आत नेली.